यादीतलं पाचवं पुस्तक

आमच्या थोरल्या जाऊबाईंना खोटं बोलता येत नाही, असं सगळं घर म्हणतं. साफ चूक. ताई उत्तम खोटं बोलतात. फक्त वर्षातून एकदाच बोलतात, तेही टाइप करून, आणि वर्गाला पुरतील एवढ्या झेरॉक्स काढून.

ताई कॉलेजात ग्रंथपाल. मी त्याच कॉलेजात अकाउंट्स शिकवते. घर एकच, त्या खाली, आम्ही वर, स्वयंपाकघर सामाईक. म्हणजे या बाईंपासून मला सुटका अशी फक्त तास घेताना आणि झोपेत. हे तक्रार म्हणून सांगत नाही. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या जिभेला न घाबरणारं या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे ताई. पहिल्याच भांडणात त्या म्हणाल्या होत्या, "तुझं बोलून झालं की सांग, मग मी भाजी टाकते."

वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. खिडक्या इतक्या उंच की आभाळ दिसतं, माणूस दिसत नाही. पंखे फिरतात कमी आणि बोलतात जास्त. मुलं यायची ती गार फरशीसाठी, पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींसाठी, नाहीतर टेबलावर डोकं टेकून झोपायला. ताईंना ते खुपायचं. "नुसती पुस्तकं सांभाळायची तर कपाट काय वाईट?" असं त्या म्हणायच्या. मुलांना शोधता आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. एखादी गोष्ट कुणी सांगितली, त्याला ती कशी कळली, त्याच्याही आधी कुणी सांगितली होती का, असं मागे मागे जाता आलं पाहिजे. फोनवर पहिलं दिसेल ते उचलून प्रकल्पात डकवणाऱ्या पोरांना हे शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी म्हणायचे. ताई घडा सुलटा करत बसायच्या.

प्राचार्यांच्या मागे लागून लागून त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी आठवड्याला एक तास मिळवला. त्याचं नाव शोधतास. तोही कायमचा नाही. दर वर्षाच्या शेवटी प्राचार्य ठरवणार, पुढे चालू ठेवायचा की नाही. वेळापत्रकातल्या त्या चौकोनावर झाडून सगळ्या विभागांचा डोळा. पण तास चालला. प्रकल्पात आपटणारी पोरं कमी झाली. हे मी मान्य करते, आणि मी सहजासहजी काही मान्य करत नाही.

आता त्या खोट्याबद्दल. सुरुवातीच्या एका तासाला ताई मुलांना एक कागद वाटायच्या. त्यावर पाच पुस्तकं. लेखक, पुस्तकाचं नाव, साल, प्रकाशक आणि प्रत्येकातलं एकेक वाक्य, पान क्रमांकासकट. चार पुस्तकं खरी. पाचवं ताईंनी घरी बसून जन्माला घातलेलं. लेखकाचं नाव आमच्या सासऱ्यांच्या नावाची उलटापालट करून केलेलं, प्रकाशक तर पृथ्वीच्या पाठीवर नाही. मुलांना सांगायचं, "पाचही शोधून, उघडून बघून या." पुढच्या तासाला मुलं ओरडतच यायची, बाई, पाचवं मिळतच नाही! काही महाभाग "मिळालं बाई, छान आहे" असंही सांगायचे. त्यांची जी फजिती व्हायची ती त्यांना जन्मभर पुरत असणार. छापलेलं आहे म्हणून खरं मानू नका, हे भाषणानं कळत नाही, तोंडावर आपटलं की कळतं. युक्ती नामी होती आणि वर्षानुवर्षं चालली.

यंदा नेमकी दोन तासांच्या मध्ये कॉलेजची तपासणी आली. पाहुण्यांना बसवायला वाचनालय हवं म्हणून पुढचा शोधतास रद्द झाला. ताईंनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेज भरायच्या आधी घेतला. फळ्यावर सूचना लिहिली, वाचली त्यांनी वाचली, आले ते आले. हजेरी घेतली नाही. ताई ती कधीच घेत नाहीत. हजेरी घेतली की मुलं हजेरीसाठी येतात, शिकायला येत नाहीत, हे त्यांचं ठाम मत. आलेल्या मुलांना पाचव्या पुस्तकाचं गुपित कळलं, हशा झाला, तास संपला. कोण आलं नव्हतं याचा पत्ता कुणालाच नव्हता.

बेकरीवाली आली नव्हती. ही पोरगी सकाळी एका बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची आणि तिथून बस पकडून माझ्या पहिल्या तासाला धापा टाकत दारात यायची. अंगाला बिस्किटांचा वास. उपाशीपोटी आलेली सगळी बाकं तिच्याकडे वळून बघायची. हुशार म्हणणार नाही मी तिला, चिवट म्हणेन. एखादा ताळा जुळला नाही की मधली सुट्टी सोडून बसायची. प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला होता दुकान चालवणाऱ्या बायकांचा. घरून तिला एवढंच एक वर्ष मिळालं होतं. बापानं सांगून ठेवलं होतं, यंदा पास झालीस तर पुढे शिक, नाहीतर बेकरीत पूर्ण वेळ उभी राहा. हे तिनं मला एकदा रजा मागताना सांगितलं होतं, रडगाणं म्हणून नव्हे, कारण म्हणून.

परीक्षेत आणि प्रकल्पांत गैरप्रकार झाले की ते बघायला आमच्याकडे एक समिती आहे. प्राचार्य, बाहेरून आलेले परीक्षक आणि मी. मी का, तर रडणाऱ्या पोरांची मला दया येत नाही असा माझा लौकिक. शिवाय इतिवृत्त लिहायला कुणीतरी लागतं, आणि ते काम बाईमाणसाकडेच येतं, हा कुठल्याच नियमात नसलेला नियम. तर एके दिवशी समितीपुढे आलेल्या एका प्रकल्पावर परीक्षकांनी शेरा मारला होता. विद्यार्थिनीनं दिलेलं एक पुस्तक अस्तित्वात नाही. लेखक नाही, प्रकाशक नाही. संदर्भ बनावट. आमचा नियम सरळ आहे. बनावट संदर्भ सिद्ध झाला तर प्रकल्प रद्द, आणि प्रकल्प रद्द म्हणजे वर्ष रद्द.

मी लेखकाचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. सासऱ्यांचं नाव उलटं टांगलं तरी मला ओळखू येतं.

समितीतलं बाहेर बोलायचं नसतं. मी बोलले. संध्याकाळी ताई ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या.

"ताई, तुमच्या पाचव्या पुस्तकाला वाचक मिळाला."

त्या हसल्या. मग माझं तोंड बघितलं आणि सुरी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं.

"बेकरीवाली?" त्या म्हणाल्या. "ती त्या सकाळच्या तासाला नव्हती?"

"मला काय विचारता? हजेरी तुम्ही घेत नाही."

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. त्या स्टुलावर बसल्या आणि पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी.

"उद्या मी समितीपुढे येते," शेवटी म्हणाल्या. "सांगते, पुस्तक माझं आहे."

"काही गरज नाही. हात दाखवून अवलक्षण. पुस्तक न बघता पान क्रमांक ठोकून दिला कुणी? तिनं. मग ती आणि तिचं नशीब."

"अगं, कागद माझा होता."

"कागद वाचायला दिला होता, गिळायला नाही. ताई, नीट ऐका. प्राचार्य याच आठवड्यात पुढचं वेळापत्रक लावतायत. ग्रंथपाल वर्गात खोटी पुस्तकं वाटतात हे एकदा तिथे कागदावर आलं की शोधतास गेला म्हणून समजा. ओल्याबरोबर सुकंही जळतं."

"तिचं वर्ष जाईल."

"आणि तास गेला तर पुढे किती जणांची जातील? तुम्हीच सांगता ना, तासामुळे पोरं तरतात म्हणून?"

ताई उठून पुन्हा भाजी चिरायला लागल्या. मी जिंकले होते, आनंद मात्र होत नव्हता. तेवढ्यात भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, आत आले, दोन्ही पातेल्यांची झाकणं उचलून बघितली आणि विचारलं, "आज नुसतं भांडणावरच भागवायचंय का?" आम्ही दोघीही त्यांच्यावर एकदम ओरडलो. त्या घरात त्या संध्याकाळी एवढी एकच गोष्ट आमच्या एकमतानं झाली.

जेवताना मी ताईंना आणखी एक बजावलं. मुलीला भेटायचं नाही. भेटलात तर समितीला वाटेल, पढवून आणली. ताईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघं टेबलाच्या एका बाजूला आणि ती पोरगी दुसऱ्या बाजूला. बेकरीतून थेट आलेली, बाहीला पीठ. तिला बस म्हणायचं कुणाला सुचेना, म्हणून मीच खुर्ची पुढे ढकलली. ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. टेबलावरच्या काचेखाली जुन्या बैठकांचे फोटो होते, ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

परीक्षक कोरडा माणूस. चष्मा कपाळावर, पेन्सिल हातात, आवाज कधी चढत नाही. असल्या माणसांची मला जास्त भीती वाटते. ओरडणाऱ्यावर निदान उलटं ओरडता येतं.

"हे पुस्तक तू पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मग पान क्रमांक कुठून आला?"

"शोधतासाला कागद मिळाला होता. त्यावर होता."

"दाखव."

तिनं बाहीवरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "घर बदललं आम्ही. त्यात गेला."

प्राचार्यांनी सुस्कारा सोडला. कागद हरवला, हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. "म्हणजे ग्रंथपालबाईंनी तुला नसलेलं पुस्तक दिलं, असं तुझं म्हणणं?"

"नसलेलं आहे हे मला आत्ता कळतंय सर."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. लिहा, अशी खूण केली. पेन माझ्या हातात होतं. मला सगळं माहीत होतं आणि त्या खोलीत ते माहीत असलेली मी एकटी होते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात दार उघडून ताई आत आल्या.

"बाई, तुम्हाला बोलावलेलं नाही," प्राचार्य म्हणाले.

"माहीत आहे सर. तो कागद माझा आहे. पाचवं पुस्तक मी बनवलं." त्यांनी कागदाची प्रत परीक्षकांपुढे ठेवली आणि न बसताच सगळं सांगितलं. युक्ती, रद्द झालेला तास, सकाळचा तास, न घेतलेली हजेरी. आवाज सरळ होता. हात मात्र मागे बांधून घेतले होते.

पोरगी त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसेल. तसं काही दिसलं नाही. भर रस्त्यात ओळखीच्या माणसानं थोबाडीत मारावी तसा तिचा चेहरा झाला होता.

परीक्षकांनी कागद वाचला, चष्मा परत वर सरकवला. "युक्ती समजली. पण न पाहिलेलं पुस्तक पाहिल्यासारखं लिहिणं, हे तर तुम्ही केलं नाही?"

इथे ताई एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरलं असतं. मीच तिला तसं लिहायला सांगितलं, एवढं म्हटलं असतं तर पोरगी तिथल्या तिथे सुटली असती. मी मनातल्या मनात म्हणाले, बोला, आता खरंच खोटं बोला.

"नाही," ताई म्हणाल्या. "ते तिचं आहे."

"मग तिनं बाकीचेही संदर्भ असेच उचलले नसतील कशावरून? सगळी पुस्तकं बघू," परीक्षक म्हणाले. "आत्ता."

आम्ही सगळे खाली वाचनालयात गेलो. ताईंनी कशालाही हात लावायचा नाही असं ठरलं, म्हणून कपाटातून पुस्तकं काढायची मी. मला त्या खोलीत धड अंकगणिताचं पुस्तक सापडत नाही, आणि ताईंना तोंड उघडायची बंदी. मी चुकीच्या कपाटाशी गेले की त्या नुसत्या डोळे मिटून घ्यायच्या. परीक्षक एकेक पुस्तक उघडायचे, पान काढायचे, प्रकल्पातलं वाक्य आणि पुस्तकातलं वाक्य पेन्सिलीच्या टोकानं शब्द न् शब्द लावून बघायचे. बरोबर. पुढचं. बरोबर. टेबलावर ढीग वाढत चालला. झोपायला आलेली दोन मुलं टक्क जागी होऊन बघत होती.

एक पुस्तक जागेवर नव्हतं. मी वरचा खण बघितला, खालचा बघितला. परीक्षकांची पेन्सिल टेबलावर टकटक करायला लागली. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. पोरगी म्हणाली, "ते फाटलेलं होतं सर. पाठ निघालेली. मी वाचलं तेव्हाच काउंटरवर दुरुस्तीला दिलं होतं." काउंटरवर बसणारे मामा उठले आणि बांधणीच्या गठ्ठ्यातून ते घेऊन आले. पान बरोबर, वाक्य बरोबर. ते मी ढिगावर जरा जोरातच ठेवलं, आणि मी काही त्या पोरीची कुणी लागत नव्हते.

सगळी पुस्तकं झाली. एकही चूक नाही. परीक्षकांनी पहिल्यांदाच पेन्सिल खाली ठेवली.

"बाकी सगळी उघडून वाचलीस. मग हेच एक का नाही?"

"बघायला आले होते सर. काउंटरवर विचारलं. मामा म्हणाले, कुणीतरी नेलं असेल."

मामांनी कानावर हात ठेवले. आठवत नाही म्हणाले. पण ते मिळत नसलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल हेच सांगतात, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे.

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

"बाकीची पुस्तकं लिहिणारी माणसं मला माहीत नव्हती. म्हणून बघितली. हे बाईंनी दिलं होतं."

ताईंनी कपाटाची कड धरली. पंखेच काय ते बोलत होते.

मुलीला बाहेर बसवून आम्ही पुन्हा वर गेलो. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट घडण्याआधीच मिटायला हवी असते. ते म्हणाले, "बाई, तपासणीचा अहवाल अजून यायचाय. ग्रंथपाल नसलेली पुस्तकं बनवून वाटतात असं इतिवृत्तात गेलं तर मला शोधतास बंद केला असंही त्यातच लिहावं लागेल. नाहीतर आपण एवढंच लिहू, की संदर्भ सापडला नाही. मुलीचं एक वर्ष जाईल. एकच. पुढच्या वर्षी मी स्वतः लक्ष घालतो. तास राहील."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी ताईंकडे बघितलं. वीस वर्षं ज्या चौकोनासाठी त्या झगडल्या तो एका ओळीवर टिकत होता, आणि ती ओळ लिहायची माझ्या पेनानं.

"तिला पुढचं वर्ष मिळणार नाही सर," ताई म्हणाल्या. "तिच्या घरून मिळणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "लिही. पुस्तक ग्रंथपालांनी बनवलं होतं. ते खोटं आहे हे सगळ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याची खबरदारी त्यांनी घेतली नाही."

"ताई, जरा विचार करा." कॉलेजात मी त्यांना मॅडम म्हणते. त्या दिवशी तोंडातून ताईच निघालं.

"काल रात्रभर दुसरं काय केलं? लिही."

मी लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की प्राचार्यांना दोनदा वाचावं लागलं. ठरलं ते असं. शोधतास पुढच्या वर्षापासून बंद. तो चौकोन अकाउंट्सला, म्हणजे मला. मी मागितला नव्हता, पण मला विचारतो कोण. मुलीनं शुक्रवारपर्यंत प्रकल्प दुरुस्त करून द्यायचा. परीक्षकांनी वर एक अट घातली. तिचं एक अख्खं प्रकरण त्या पाचव्या पुस्तकातल्या वाक्यावर उभं होतं. वाक्य काढलं तर प्रकरण कोसळतं. तेव्हा वाक्य ठेवायचं असेल तर खरा आधार दाखवायचा. नाही दाखवला तर प्रकल्प नापास.

ते वाक्य असं होतं: बाई गल्ल्यावर बसली की गिऱ्हाईक घासाघीस जास्त करतं, पण परत त्याच दुकानात येतं.

पुढचे दिवस वाईट गेले. पोरगी वर्गात यायची, पण ताई व्हरांड्यात दिसल्या की रस्ता बदलायची. मला तिचा राग आला. जिनं तुझ्यासाठी हातचा तास घालवला तिच्याशी ही वागणूक? घरी मी ते बोलूनही दाखवलं. ताई म्हणाल्या, "तास माझा गेला. तिचं काय गेलं ते तुला दिसलं नाही का?" आणि उठून भांडी घासायला लागल्या, आमच्याकडे भांड्यांना बाई असताना.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी मी वाचनालयात वर्षभराची पुस्तकं परत करायला गेले होते. ती आली, थेट काउंटरशी. हातात पेन, खांद्याला पिशवी. नमस्कार नाही, काही नाही.

"बाई, त्या वाक्याला आधार मिळत नाही. पुस्तकं बघितली. दुकानांतून फिरले. काही बायका हो म्हणतात, काही नाही म्हणतात, काही म्हणतात गिऱ्हाईक आहे, उगाच वेळ खाऊ नकोस." तिनं श्वास घेतला. "पुस्तक खोटं होतं. पण वाक्य तर तुम्हीच लिहिलं ना? ते कसं सुचलं?"

ताई शिक्का मारता मारता थांबल्या. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नसावा. शिक्का बाजूला ठेवून त्या आठवायला लागल्या.

"माझ्या माहेरी स्टेशनरीचं दुकान होतं," शेवटी म्हणाल्या. "आई बसायची गल्ल्यावर. माणसं तिच्याशी दोन पेन्सिलींसाठी हुज्जत घालायची. बाबांशी नाही घालायची. आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसं पुन्हा दारात." त्यांचा आवाज जरा ओला झाला. "मला वाटत होतं मी बनवलंय."

पोरगी भराभर लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. तिनं मान वर केली.

"हे खरं आहे ना बाई? की हेही शिकवायला?"

मामांच्या हातातला चहा तिथेच राहिला. माझा तर हात शिवशिवला. पण मी कोण बोलणार, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

"दुसरं कुणी सांगू शकेल?"

ताईंनी कागदाचा कपटा ओढला आणि भावाचा नंबर लिहून दिला. पोरीनं तिथेच उभं राहून फोन लावला, स्पीकरवर, फोन काउंटरवर ठेवून. आपलंच म्हणणं आपल्यासमोर तपासलं जात असताना ताई हात मागे बांधून उभ्या होत्या, त्या दिवशी समितीपुढे उभ्या होत्या तशाच.

पलीकडे भावाच्या दुकानात गर्दी असावी. पोरीनं कोण, कशासाठी, सगळं नीट सांगितलं आणि मग विचारलं. ताईंनी काय सांगितलंय ते मात्र सांगितलं नाही. मी ते मनात टिपून ठेवलं.

"गल्ल्यावर?" भाऊ म्हणाला. "गल्ल्यावर आमची काकू बसायची. आई आत पेट्या फोडायची, माल लावायची. काकूशी हुज्जत व्हायची खरी, रोजची. पण परत यायची म्हणाल तर, अर्धी यायची, अर्धी समोरच्या दुकानात जायची."

"अरे, काहीतरीच काय!" ताई फोनवर वाकल्या. "आईच बसायची. दुपारी. तू शाळेत असायचास."

"ताई? तू आहेस होय तिथे? अगं, तू तर कोपऱ्यात पुस्तकात डोकं घालून बसलेली असायचीस. तुला कोण कुठं बसलंय ते काय दिसणार!"

"मला दिसायचं!"

"काय दिसायचं? एकदा गिऱ्हाईक कंपासपेटी घेऊन तसंच निघून गेलं, तुझ्या नाकासमोरून!"

काउंटरवर दोघा बहीणभावंडांची जुंपली. ताईंचे कान लाल झाले होते. पोरगी एकदा फोनकडे बघायची, एकदा ताईंकडे. मग तिनं पान उलटलं, मधोमध एक रेघ मारली आणि म्हणाली, "बाई, मी दोन्ही लिहिते."

ताई भांडता भांडता थांबल्या. तिच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. वाईट वाटत होतं की आनंद झाला होता, ते मला त्यांच्या तोंडावरून वेगळं काढता येईना. माझं मला विचाराल तर मला दोन्ही होत होतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "त्याचं आधी घाल. तो गल्ल्याच्या जवळ होता."

प्रकल्प पास झाला. परीक्षकांनी सही करायच्या आधी ताईंच्या भावाला स्वतः फोन केला होता, असं मागाहून कळलं.